‘बार्बी गर्ल’ हे अ‍ॅक्वा या डॅनिश पॉप बँडचं पहिलंच गाणं होतं का?

नाही. डेन्मार्कमध्ये त्याआधी ‘रोझेस आर रेड’ (1996) आणि ‘माय ओ माय’ हे सिंगल्स येऊन गाजले होते. ‘बार्बी गर्ल’ 1997 चं, ‘अ‍ॅक्वेरियम’ अल्बममधलं. घोळ होतो तो ब्रिटनमुळे: तिथे अ‍ॅक्वाची सुरुवातच या गाण्याने झाली आणि ते 4 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. अमेरिकेत मात्र बिलबोर्ड हॉट 100 या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 7 व्या क्रमांकापर्यंतच.

बार्बी बाहुली बनवणाऱ्या मॅटेलने ट्रेडमार्कवरून रेकॉर्ड कंपनीवर खटला भरला. 2002 मध्ये अपील न्यायालयाने गाणं विडंबन ठरवून मॅटेलचा दावा फेटाळला. निकालाचं शेवटचं वाक्य दोन्ही पक्षांना ‘जरा शांत व्हा’ असं सांगणारं! गंमत म्हणजे 2009 मध्ये मॅटेलनेच शब्द बदलून हे गाणं जाहिरातीत वापरलं.