बंद पडलेला ऑल-इन-वन कॉम्प्युटर लॅपटॉपला मॉनिटर म्हणून जोडता येतो का?

येतो. आणि ज्या कोणी तुम्हाला 'भंगारात घाला' असं सांगितलंय, त्यांना विचारायचं आधी बंद करा. आमच्या घरीही असे एक आहेत, दाजी.

मी सोलापुरात चादरी आणि टॉवेलची जॅकार्ड डिझाइनं करून देतो. नक्षी आधी चौकोनांच्या ग्राफवर काढायची; त्यातला एक चौकोन म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा जिथे छेदतात ती जागा. एक चौकोन चुकला की मोराच्या मानेला खळगा पडतो, आणि मग तो कापडभर पडतच राहतो. त्यामुळे एका स्क्रीनवर मोठा करून ठेवलेला ग्राफ आणि दुसऱ्यावर अख्खी चादर, असं मला लागतंच. लॅपटॉपच्या एवढ्याशा पडद्यावर हे काम करून बघा, डोळे बाहेर येतात.

माझ्या ऑल-इन-वनचा, म्हणजे पडदा आणि कॉम्प्युटर एकाच खोक्यात असलेल्या मशीनचा, मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) गेला. पडदा मात्र ठणठणीत, २३ इंची, फुल एचडी. मी म्हटलं, हाच लॅपटॉपला लावतो. दाजी हसले. दाजींचं मोबाइलचं दुकान आहे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूतलं त्यांना कळतं असा सगळ्या पाहुण्यांचा समज. ताईच्या वास्तुशांतीला पंगत उठल्यावर त्यांनी चारचौघांत विषय काढला. 'मी स्वतः त्याला केबल लावून बघितली ओ, काही दिसत नाही. कॉम्प्युटर मेला की पडदा मेला.' सगळ्यांनी माना डोलावल्या.

दाजींनी केबल लावली होती ते एचडीएमआयचं तोंड 'आउट' होतं. बहुतेक ऑल-इन-वनला आउटच असतं, चित्र बाहेर सोडणारं. आत घेणारं असेल तर शेजारी 'इन' लिहिलेलं असतं, आणि ते थोड्याच मॉडेलांना असतं. हे पोर्टाशेजारी छापलेलं असतं, वाचलं तरी पुरतं.

मी मागचं झाकण काढलं. पॅनेलच्या, म्हणजे आतल्या मूळ पडद्याच्या, पाठीवर स्टिकर असतं, त्यावर पॅनेलचा स्वतःचा नंबर असतो. कंपनीचा मॉडेल नंबर इथे काही कामाचा नाही. पॅनेलच्या नंबरावर एलसीडी कंट्रोलर बोर्ड, म्हणजे लॅपटॉपचं चित्र पॅनेलला पुरवणारा बोर्ड, ऑनलाइन मिळतो, सोबत पॅनेलची केबल आणि बटणांची छोटी पट्टी. विक्रेत्याला नंबर आधी कळवा म्हणजे तो त्या पॅनेलचा प्रोग्रॅम भरून पाठवतो. १२ व्होल्टचा अॅडॉप्टर लावला, लॅपटॉप जोडला, पडद्यावर मोर उभा. नव्या मॉनिटरच्या चौथाईसुद्धा खर्च आला नाही. दाजींना फोटो पाठवला. व्हॉट्सअॅपवर निळ्या टिक्स आल्या, उत्तर नाही.

तुमचा नुसता मंद झाला असेल, म्हणजे चालू होत असेल, तर झाकण उघडू नका. ऑल-इन-वनवर विंडोज १० असेल तर त्यात 'या पीसीवर प्रोजेक्ट करा' असतं, ते चालू करायचं आणि लॅपटॉपवर विंडोज आणि के ही बटणं एकत्र दाबायची. नाहीतर दोन्हीकडे स्पेसडेस्क टाका, नेटवर्कवरून चित्र दुसऱ्या पडद्यावर नेणारं सॉफ्टवेअर; लॅनच्या वायरीवर ते बरं चालतं. पण माउस हलवला की बाण मागून येतो. एक्सेलला ठीक, ग्राफला बिलकुल नाही. शिवाय एका पडद्यासाठी अख्खा दुसरा कॉम्प्युटर वीज खात बसतो.

अॅपलचा आयमॅक असेल आणि चालू होत असेल तर गोष्ट वेगळी. २७ इंचीत २००९ अखेरचा आणि २०१० चा मिनी डिस्प्लेपोर्टवर मॉनिटर म्हणून चालतो, २०११ ते २०१४ च्या मध्यापर्यंतचे थंडरबोल्टवर. आयमॅकमध्ये हाय सिएरा किंवा त्याआधीची सिस्टीम हवी, मग आयमॅकच्या कीबोर्डवर कमांड आणि एफ२. मात्र ज्या मॅकचं चित्र त्यावर दाखवायचं तोही जुनाच लागतो. ५के रेटिना आयमॅकवर हे होत नाही.

हो, एक राहिलं. पॅनेल फार जुनं असेल तर आत एलईडीऐवजी ट्यूब असतात, त्यांना इन्व्हर्टर लागतो आणि त्यावर शेकडो व्होल्ट खेळतात. पॉवर सप्लाय आतच असलेल्या मशीनमध्ये प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये करंट राहतो. तिथे हात घालू नका, जाणत्याकडे न्या. बाहेर अॅडॉप्टर असलेल्यात एवढी भीती नाही. आणि पडद्यावरच रेघा असतील तर दाजींचंच ऐका, भंगारात घाला.

बाकी, दाजींच्या दुकानातला ऑल-इन-वन गेल्या महिन्यात गेला. झाकण काढून ठेवलेलं होतं, तेव्हा गिऱ्हाइकासारखा जाऊन मी त्याचा पॅनेल नंबर टिपून आणलाय. विचारतील तेव्हा देईन.