करिअर मार्गदर्शन : लेकीला ट्रॅकवर जायचंय

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची, सोलापुरातच मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लायसन्स आल्यापासून तिच्या बाबांची जुनी स्विफ्ट तीच चालवते आणि चांगली चालवते. आता तिला 'ऑटोक्रॉस' आणि 'ट्रॅक डे' करायचं आहे. तिच्या वर्गातली काही मुलं रात्री बायपासवर गाड्या पळवतात, हेही तिच्याच बोलण्यातून कळलं. ती जात नाही म्हणते. विचारलं तर म्हणते, गाडीचा इन्शुरन्स आहे, काळजी करू नकोस. तिच्या बाबांशी बोलावं तर दुपारी त्यांचा फोन सायलेंटवर असतो. सासूबाई म्हणतात, पोरीच्या जातीला हे कशाला? हे सुरक्षित आहे का? आणि यात करिअर होतं का?
– एक आई, जुळे सोलापूर

ताई, नमस्कार.

तुमचा खरा प्रश्न करिअरचा आहे, पण मी बायपासपासून सुरुवात करतो, कारण ते काम आजच्या आज करायचं आहे. ती जात नाही म्हणते ना, मग तिच्यावर विश्वास ठेवा. पण एकदा समोर बसवून सांगा की सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास कैद वर्षभरापर्यंत जाऊ शकते. भाग घेणाऱ्याबरोबर शर्यतीला मुभा देणाराही त्यात अडकतो. कायदा बाजूला ठेवला तरी गळीत हंगामात आपल्याकडच्या रस्त्यांवर रात्री काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. तिथे शेजारच्या सीटवर 'नुसती बसायला' जाणंसुद्धा नको.

आता ती जे मागते आहे ते. या दोन गोष्टी एकच नाहीत, आणि घरात भांडण होतंय ते बहुधा त्या एकच समजल्यामुळे.

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात किंवा मोठ्या पार्किंगमध्ये प्लॅस्टिकचे कोन मांडून आखलेला वळणावळणाचा मार्ग. एका वेळी एकच गाडी सुटते आणि स्पर्धा घड्याळाशी असते. फेरी मिनिटभराची, फार तर थोडी जास्त. कोन पाडला की वेळेत दंडाचे सेकंद मिळवतात. बऱ्याच ठिकाणी एका कोनाला दोन सेकंद. गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच असते. चुकलात तर कोन उडतो, लाज वाटते, संपलं. गाडीचं वजन पुढे-मागे कसं सरकतं, टायर कुठे साथ सोडतो, नजर कुठे ठेवायची, हे सगळं तिथे कमी वेगात आणि कमी पैशात शिकता येतं.

ट्रॅक डे म्हणजे खऱ्या रेसिंग ट्रॅकवर आपली गाडी चालवण्याचा दिवस. ती शर्यत नसते, नंबर काढत नाहीत. पण ट्रॅकवर एकाच वेळी अनेक गाड्या असतात आणि सरळ पट्ट्यावर साधी हॅचबॅकही शंभरच्या पुढे जाते. ६० चा वेग १२० झाला की थांबवायची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. तुमची लेक मेकॅनिकलची आहे, तिला हे सूत्र पाठ असेल. म्हणून क्रम ठरवून घ्या. आधी गो-कार्टिंग, मग ऑटोक्रॉस, आणि ट्रॅक डे सगळ्यात शेवटी. कार्टिंगला पुण्यात सोय आहे, आणि तिथली गाडी आपली नसते, हा मोठा फायदा.

एक गोष्ट आपल्याकडची. परदेशात ऑटोक्रॉस बहुधा डांबरावर होतं, भारतात पुष्कळदा मातीच्या मैदानावर. मातीत मजा जास्त येते हे खरं, पण आडवी घसरणारी गाडी भुसभुशीत जागी रुतली तर उलटूही शकते. पहिली स्पर्धा डांबरावरचीच शोधा. मातीवर जायचं असेल तर आत रोल केज (छत दबू नये म्हणून लावलेला लोखंडी पिंजरा) बसवलेली गाडी हवी, घरची स्विफ्ट नको. आणि कुणी मित्र उंच, अरुंद गाडी देऊ करत असेल तर त्याला चहा पाजा आणि गाडी परत पाठवा.

इन्शुरन्सबद्दल तिचा गैरसमज मात्र आजच दूर करा. पॉलिसीचा कागद काढा आणि 'वापराच्या मर्यादा' हा भाग तिलाच मोठ्याने वाचायला लावा. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगचाचणी हे वापर स्पष्ट वगळलेले असतात. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर खर्च घरचा. आरोग्य विम्यातही साहसी खेळांचं एक ठरलेलं अपवाद-कलम असतं आणि त्यात मोटार रेसिंगचं नाव आहे. ते कलम व्यावसायिक खेळाडूंपुरतं लिहिलेलं आहे, तरी हौशी सहभागाला संरक्षण आहे की नाही हे कंपनीकडून ईमेलवर लेखी मागून घ्या. फोनवरच्या 'हो मॅडम, होतं ना कव्हर'ला अर्थ नाही. आयोजक सहभागींचा अपघात विमा काढतो का, हेही विचारा.

यातून गाडीचा प्रश्न आपोआप सुटतो. जी गाडी मोडली तर घरातल्या कुणाची झोप उडणार नाही, तीच ट्रॅकवर न्यायची. ती स्विफ्ट बाबांना रोज कामाला लागत असेल तर ट्रॅक डेसाठी ती नाहीच. कोइमतूर आणि चेन्नईकडे रेसिंग स्कूल आहेत, तिथे गाडी शाळेची आणि शेजारी शिकवणारा असतो. एका दृष्टीने ते महाग, पण मोडलेल्या स्विफ्टपेक्षा स्वस्त.

डांबरावरच्या ऑटोक्रॉसला स्विफ्ट चालेल, पण तयारी करून. गाडी पळवण्याआधी ती थांबते का, ते बघायचं. ब्रेक पॅड किती उरलेत हे चाक काढून बघायचं, नुसतं 'आवाज येत नाही' म्हणून सोडायचं नाही. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते आठवत नसेल तर बदलूनच टाकायचं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ जसं हवेतलं पाणी ओढतं, तसं ब्रेक ऑइलही ओढत राहतं. नवं डॉट-४ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या ऑइलची हमी १५५ पर्यंत खाली येते. सलग जोरात ब्रेक मारताना ते उकळलं की नळीत वाफ धरते आणि पेडल थेट खाली जातं. गावात वर्षभर काही जाणवत नाही, ट्रॅकवर चौथ्या फेरीत जाणवतं.

टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी इतका जुना, कडक झालेला टायर या कामाला घेऊ नये. हवा थंड टायरमध्ये मोजायची. व्हील नट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे, बॅटरी हाताने हलवून बघायची, खाली तेल गळतंय का बघायचं. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट, पाण्याच्या बाटल्या, डॅशबोर्डवरचा गणपती, डिकीतली स्टेपनी आणि जॅक, सगळं बाहेर. पेडलखाली गडगडत गेलेली बाटली हा अतिशय भिकार अपघात आहे.

सायलेन्सर, स्टिअरिंग, सीट यांत बदल करायला मात्र हात लावू देऊ नका. रस्त्यावरच्या गाडीत कंपनीच्या रचनेबाहेरचे फेरफार कायद्याला मान्य नाहीत, आणि नवशिक्याला त्यांचा काही उपयोगही नाही. विशेषतः चार पट्ट्यांचा 'रेसिंग बेल्ट' साध्या सीटवर लावण्याचं खूळ असतं. तो पट्टा त्यासाठीची सीट आणि रोल केज यांच्यासोबतच वापरायचा असतो. नाहीतर कंपनीचा तीन टोकांचा बेल्ट जास्त सुरक्षित. पैसा खर्चायचाच असेल तर हेल्मेटवर करा. कार रेसिंगसाठी स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचा एसए दर्जा असतो. त्यात आगीची आणि लोखंडी केजवर डोकं आदळण्याची चाचणी असते, जी मोटारसायकलच्या हेल्मेटला नसते. काही आयोजक हौशी पातळीवर दुचाकीचं चांगलं हेल्मेट चालवून घेतात, काही नाही. आधी विचारा, मग खरेदी करा.

गाडीत कसं बसायचं हे तिला घराच्या अंगणातच तपासता येईल. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आरामात टेकलं पाहिजे आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. ब्रेक सरळ रेषेत, वळणाच्या आधी. वळणात घाबरून ब्रेक मारला की मागचा भाग सुटतो. नजर जिथे जायचंय तिथे. कोनाकडे बघाल तर कोनावरच जाल. ईएसपी (घसरती गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) असेल तर चालूच ठेवायची, ती बंद केल्याने कुणी ड्रायव्हर होत नाही.

त्या दिवशी सकाळचं ब्रीफिंग चुकवलं तर गाडी चालवायचीच नाही, हा नियम आयोजकाचा नसला तरी तुमच्या घराचा असू द्या. झेंडे तिला झोपेतही यायला हवेत. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. लाल म्हणजे सत्र थांबलं. काळा म्हणजे तू आत ये. ऑटोक्रॉसला मार्ग आधी पायी फिरून पाठ करतात, दोनदा-तीनदा फिरा. आणि गडबडी दुपारनंतर, 'एक शेवटची फेरी' म्हणत होतात. दमलो की उतरायचं.

सोलापुरात ट्रॅक नाही, पण आपण मुंबई–चेन्नई रेल्वेमार्गावर आहोत, हे इथे फार उपयोगाचं आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला सुमारे ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. कोइमतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आहे, आणि कुर्ल्याहून कोइमतूरला जाणारी गाडी सोलापूरवरून जाते. दिवसभर ट्रॅकवर घालवून रात्री हायवेने शेकडो किलोमीटर गाडी हाकत परत येणं हा या छंदातला सगळ्यात धोक्याचा भाग आहे. अंग दमलेलं, डोक्यात अजून वेग भिनलेला. रेल्वेने जा, रेल्वेने या.

आता करिअर. ड्रायव्हर म्हणून? एकोणिसाव्या वर्षी सुरुवात करून पोट भरणारी रेसिंग ड्रायव्हर होण्याची आशा मी दाखवणार नाही. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोहोचलेले पहिले भारतीय नारायण कार्तिकेयन कोइमतूरचे, वडील स्वतः नावाजलेले रॅली ड्रायव्हर. आजची मुलं सात-आठव्या वर्षी कार्टमध्ये बसतात आणि पुढचा खर्च घरं विकायला लावणारा असतो. छंद म्हणून स्थानिक स्पर्धा, एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाचं लायसन्स, इथपर्यंत ती नक्की जाऊ शकते.

पण गाडीच्या भोवतीचं काम खूप आहे, आणि तिथे तिची मेकॅनिकलची डिग्री कामाची आहे. कॉलेजमध्ये फॉर्म्युला भारत किंवा बाहा एसएई इंडिया या विद्यार्थ्यांच्या गाडी बनवण्याच्या स्पर्धांसाठी टीम आहे का ते तिने याच आठवड्यात विचारावं. नसेल तर उभी करावी. फॉर्म्युला भारतमध्ये विद्यार्थी स्वतः गाडी बनवून कारी स्पीडवेवर आणतात आणि त्यातल्या एका फेरीचं नावच ऑटोक्रॉस आहे. ज्या मुलीने सस्पेन्शन डिझाइन केलं, वेल्डिंगचे चटके खाल्ले आणि तीच गाडी कोनांतून चालवली, तिला मुलाखतीत फार बोलावं लागत नाही. चाकणच्या कार कंपन्या, पुण्यातली १९६६ पासूनची वाहनचाचणी संस्था एआरएआय, इंदूरजवळ पिथमपूरचा नॅट्रॅक्स हा वाहनचाचणी ट्रॅक, टायर कंपन्यांचे चाचणी विभाग, इथे गाडी 'जाणवणारे' इंजिनिअर लागतात. टायर नेमका कुठे सुटला हे आकड्यांत सांगता येणं, हे कौशल्य आहे. तेव्हा तिने आतापासून प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी : हवा किती, तापमान किती, वेळ किती, काय बदललं. वही नीट भरली जात असेल तर हे करिअरचं लक्षण; नुसते व्हिडिओच निघत असतील तर छंद समजा, त्यातही वाईट काही नाही.

सासूबाईंना सांगा, पुण्याच्या डायना पुंडोले यांनी २०२४ मध्ये राष्ट्रीय कार रेसिंगच्या सलून (म्हणजे बंद छताच्या मोटारींच्या) गटाचं विजेतेपद मिळवलं, आणि त्या दोन मुलांची आई आहेत. त्यावर सासूबाई काय म्हणतील ते मला कळवा, मला उत्सुकता आहे.

पहिल्या खेपेला गाडी न घेताच पाठवा. प्रेक्षक म्हणून नको, मार्शल (मार्गावर देखरेख करणारा, झेंडे दाखवणारा) किंवा मदतनीस म्हणून; आयोजकांना माणसं कमीच पडतात. दिवसभर उन्हात कोन उचलून झाल्यावरही तिला पुन्हा जायचं असेल, तर सेमिस्टर परीक्षेनंतरच्या पहिल्या ऑटोक्रॉसचा फॉर्म भरा. फॉर्ममध्ये रक्तगट खरा लिहा, आणि आपत्कालीन संपर्कात बाबांऐवजी तुमचा नंबर द्या. बाबांचा फोन दुपारी सायलेंटवर असतो, हे तुमच्याच पत्रात आहे.