50 की 70 पाउंड? आधी अंतराचं बोलू

तुम्ही विचारलंय की धनुष्याने शिकार शिकायची आहे, अगदी नवखे आहात, तर पहिलं कंपाउंड धनुष्य (टोकांना चाकं असलेलं) 50 पाउंडाचं घ्यावं की 70 चं, म्हणजे दोरी ओढायला तेवढा ताण लागणारं. मित्र 70 च घे म्हणतोय, असंही लिहिलंय. त्या एका वाक्यामुळे लिहायला बसलो.

50 घ्या. हरणासाठी 50 पाउंड आणि बाणाच्या टोकाला वस्तऱ्यासारखं धारदार पातं पुरतं. बाणाच्या धक्क्याने जनावर पडत नाही, रक्तस्रावाने मरतं, म्हणून धार महत्त्वाची. दुकानात खुर्चीत बसा, धनुष्य समोर सरळ धरा आणि हात आभाळाकडे न नेता दोरी गालापर्यंत आणा. नाही जमलं, तर ते धनुष्य तुमच्यासाठी नाही. दोन तास थंडीत न हलता बसल्यावर अशीच दोरी ओढायची असते. चाकांमुळे शेवटी 70-80 टक्के ताण उतरतो हे खरं, पण तिथवर पोचेपर्यंत पूर्ण ताण खांद्यावरच येतो.

आता त्या 70 वाल्या मित्राबद्दल. मलाही असा एक होता. वयाने मोठा, वारा कसा बघायचा, माग कसा काढायचा, सगळं त्यानेच शिकवलं. माझ्या दुसऱ्या हंगामात आम्ही दोघं झुडपाआड दबा धरून बसलो होतो. एक हरणी 40 मीटरवर येऊन आडवी उभी राहिली. मान वर, दोन्ही कान आमच्या दिशेने. मैदानावर 40 मीटरवरून माझे पाचातले चार बाण ताटलीएवढ्या गोलात बसायचे. तो कानाशी पुटपुटला, "सोड. रोज तर मारतोस." मी सोडला.

मैदानावरचं लक्ष्य ऐकत नाही. हरीण ऐकतं. माझा बाण सेकंदाला साधारण 80 मीटर जायचा, म्हणजे 40 मीटरला अर्धा सेकंद. दोरीचा आवाज सेकंदाला 340 मीटर जातो, तो 0.12 सेकंदातच तिच्या कानात. उरलेले 0.38 सेकंद तिला पुरले. उडी घेण्याआधी हरीण पाय दुमडून खाली दबतं, तशी ती दबली आणि वळली. फुप्फुसावर धरलेला बाण पोटात गेला.

बाण पलीकडे मातीत रुतलेला सापडला. पिसं एकमेकांना चिकटलेली, त्यांवर हिरवट-तपकिरी चिकटा, आणि नाकाजवळ नेताच आंबूस, घाण वास. फुप्फुसाला लागला की रक्त गुलाबी आणि फेसाळ असतं. हे ते नव्हतं. असा बाण हातात आला की आल्या पावली परत फिरायचं आणि 8 ते 12 तास त्या बाजूला फिरकायचं नाही. पोटात लागलेलं हरीण बहुतेक वेळा जवळच बसतं, आणि छेडलं नाही तर तिथेच मरतं. हे मला माहीत होतं. मित्र म्हणाला, अंधार पडेल, आत्ताच निघू. आणि मी निघालो.

दीडशे मीटरवर दबलेलं गवत दिसलं. मधोमध तळहाताएवढा काळपट, ओला डाग. हात टेकवला तर जमीन अजून कोमट होती. आमच्या चाहुलीनेच ती उठली होती. पुढे एका पानावर एक थेंब, मग काहीच नाही. दुसरा अख्खा दिवस शोधलं. सापडली नाही.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. तो आजही म्हणतो, "तुझं धनुष्य 50 चं होतं. 70 चं असतं तर जागीच पडली असती." म्हणून हिशेबच मांडतो. 70 च्या धनुष्याने बाण सेकंदाला 90 मीटर गेला असं धरू. 40 मीटरला 0.44 सेकंद. वाचले किती, तर 0.06. ती तरीही दबलीच असती, आणि पोटात लागलेला 70 पाउंडांचा बाण पोटातच लागलेला असतो. उलट तेच 50 पाउंड 18 मीटरवरून सोडा: आवाज पोचल्यावर तिच्याकडे 0.17 सेकंद उरतात, आधीच्या निम्म्याहून कमी. चूक अंतराची होती, आणि कान टवकारलेल्या जनावरावर बाण सोडण्याची. दुसरी चूक घाईने मागावर जाण्याची. धनुष्याचा त्यात काही दोष नव्हता.

तेव्हा पहिले सहा महिने 20 मीटरच्या पुढे जाऊच नका. रोज सकाळी अंग गरम न करता एकच बाण सोडा आणि तेवढाच मोजा, कारण जंगलात तो पहिलाच बाण मिळतो. शिकारीच्या जाड कपड्यांत, बसून, गुडघ्यावर, सगळं करून बघा. जनावर आडवं किंवा थोडं पाठमोरं असेल तरच बाण सोडायचा. समोरासमोर असेल तर बाण न सोडता दोरी हळूच परत जागेवर न्यायची.

एल्क किंवा मूससारख्या मोठ्या जनावराला जास्त ताण आणि जड बाण लागतो, ते माझ्या 50 मध्ये धरू नका. कित्येक ठिकाणी किमान ताण कायद्यानेच ठरवलेला असतो. भारतात 1972 च्या कायद्याने शिकार बंद आहे, ब्रिटनमध्ये धनुष्याने शिकार बंद आहे. म्हणजे जिथे परवाना मिळतो तिथलंच हे सगळं. मचाणावर बसणार असाल तर पाय जमिनीवरून उचलल्यापासून, पडू नये म्हणून बांधायचा पट्टा अंगावर हवा.

खेचेची लांबी, म्हणजे दोरी किती मागे ओढायची ते, राहिलीच: दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचांत मोजा, 2.5 ने भागा, अंदाज येईल. आणि मित्र 70 वरच अडून बसला, तर त्याला खुर्चीत बसून ते ओढून दाखवायला सांगा, हात आभाळाकडे न नेता.