वाचकांचे प्रश्न : दिवसाची नोकरी आणि संध्याकाळच्या बाहुल्या

प्रश्न : माझे वय २६ वर्षे असून माझे गाव कुडाळ तालुक्यात, पिंगुळीपासून अगदी जवळ आहे. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या पाहतच मी लहानाची मोठी झाले. शैक्षणिक कर्ज काढून इंग्लंडमध्ये लीड्स येथे अ‍ॅनिमेशनचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि आता दोन वर्षांच्या ग्रॅज्युएट व्हिसावर तिथेच राहते. दिवसा एका कार्यालयात हिशेबाचे काम करते, आठवड्याला साडेसदतीस तास, आणि त्याच पगारातून कर्जाचा हप्ता जातो. गेले चार महिने आठवड्यातील तीन संध्याकाळी तीन-तीन तास आणि शनिवारी सात तास एका लहानशा स्टॉप-मोशन (बाहुली किंचित हलवत एकेक छायाचित्र टिपून केलेल्या अ‍ॅनिमेशनच्या) स्टुडिओत इंटर्नशिप करते. प्रवासखर्च मिळतो, वेतन मिळत नाही. बाहुल्यांची सुटी तोंडे डब्यांत लावून ठेवणे आणि सेटवरची धूळ झटकणे ही कामे माझ्याकडे असतात. मागच्या आठवड्यात हातात गोंदाचा ब्रश असतानाच मला झोप लागली आणि एका बाहुलीचा पोशाख खराब झाला. कोणी रागावले नाही, पण घरी येऊन मी खूप रडले. बाबा म्हणतात, फुकट राबू नकोस, नोकरीत लक्ष घाल. इंटर्नशिप सोडली तर ज्यासाठी एवढ्या दूर आले तेच हातातून जाईल, अशी भीती वाटते. मी काय करावे?
— एक वाचक, जिल्हा सिंधुदुर्ग

उत्तर : तुमचे पत्र वाचून मी आधी तासांची बेरीज केली. ती साडेत्रेपन्न होते, आणि त्यात जाण्यायेण्याचा वेळ, स्वयंपाक आणि कपडे धुणे धरलेले नाही. ब्रश हातात असताना झोप लागली, यात तुमच्या निष्ठेची काहीही उणीव नाही. स्टॉप-मोशनच्या एका सेकंदात २४ चौकटी (फ्रेम) असतात. एक स्थिती दोन चौकटींपुरती ठेवली तरी एका सेकंदासाठी बाहुली बारा वेळा हलवावी लागते, आणि ती प्रत्येक वेळी केसभरच हलावी लागते. दिवसभर आकडे पाहून थकलेले डोळे आणि पेंगुळलेला हात हे काम पेलू शकत नाहीत, मग माणूस कितीही गुणी असो.

वेतनाच्या बाबतीत तुमचे बाबा बरोबर बोलत आहेत, हे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते. ब्रिटनमध्ये कामाला ‘इंटर्नशिप’ म्हटल्याने वेतनाचा हक्क बुडत नाही. ठरलेल्या वेळी यावे लागते, नेमून दिलेले काम करावे लागते आणि त्या कामाचा उपयोग स्टुडिओला होतो, अशी स्थिती असेल तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही बहुधा कामगार ठरता आणि किमान वेतनाच्या हक्कदार असता. २१ वर्षे व त्यावरील व्यक्तीसाठी एप्रिल २०२५ पासून हा दर ताशी १२.२१ पौंड होता आणि तो दर एप्रिलला बदलतो. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेली एक वर्षापर्यंतची कामे, नुसते शेजारी बसून पाहणे आणि धर्मादाय संस्थेतील स्वयंसेवा यांना यातून सूट आहे. तुमचे शिक्षण पूर्ण झालेले असल्यामुळे आणि तुम्ही प्रत्यक्ष काम करत असल्यामुळे यांपैकी पहिल्या दोन सवलती तरी तुमच्या स्टुडिओला लागू होतील असे दिसत नाही. ‘मला वेतन नको’ असे तुम्ही लिहून दिले असले तरी हा हक्क संपत नाही. ‘एकास’ (Acas) या नोकरीविषयक सल्ला देणाऱ्या तिथल्या संस्थेच्या दूरध्वनीवर याबाबत विनामूल्य सल्ला मिळतो. स्टुडिओशी बोलण्यापूर्वी तो अवश्य घ्यावा. हे काम कायद्याने ‘काम’ ठरले, तर सरासरी ४८ तासांची साप्ताहिक मर्यादाही दोन्ही ठिकाणचे तास मिळून मोजली जाते आणि ती ओलांडायची तर तुमची लेखी संमती लागते. शिवाय कार्यालयाच्या करारपत्रात दुसऱ्या कामाविषयी एखादे कलम आहे का, हेही पाहून ठेवावे.

व्हिसाची अडचण तुम्हाला नाही. ग्रॅज्युएट व्हिसावर दुसरी नोकरीच काय, स्वतःचा व्यवसायही करता येतो. (विद्यार्थी व्हिसावर असलेल्या वाचकांनी मात्र सावध असावे. त्यांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांचीच मुभा असते आणि बिनपगारी कामाचे तासही त्यातच धरले जातात.) हा व्हिसा वाढवून मिळत नाही आणि पुढे मालकाच्या प्रायोजकत्वावरील व्हिसा घेतला, तर दुसऱ्या कामाची वाट बरीच अरुंद होते. म्हणूनच इंटर्नशिप सोडून द्या, असे मी म्हणणार नाही. मात्र आजच्या स्वरूपात ती चालू ठेवू नका.

आपल्या भागातील दशावतारी कलावंत पाहा. त्यांच्यातील कितीतरी जण शेतकरी आहेत. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पेटारा बाहेर निघतो, गावोगावी रात्र रात्र नाटके रंगतात, आणि मृग जवळ आला की मुकुट, गदा पेटाऱ्यात जाऊन माणसे तरव्याकडे वळतात. दिवसभर चिखलणी करून त्याच रात्री पहाटेपर्यंत उभे राहण्याचा नेम कोणी वर्षभर धरत नाही, कारण त्यात भातही बिघडेल आणि सोंगही. तुम्ही नेमका तोच नेम धरला आहे. तुम्हाला हंगाम आखून घ्यावा लागेल.

त्यासाठी कायद्याने दिलेली एक सोय आहे. एप्रिल २०२४ पासून तिथल्या कर्मचाऱ्याला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामाच्या वेळा बदलून मागता येतात आणि मालकाला दोन महिन्यांत उत्तर द्यावे लागते. साडेसदतीस तास चार दिवसांत बसवून शुक्रवार मोकळा मागावा. मालक सबळ कारण देऊन नकार देऊ शकतो, हे खरे. तसे झाले तर वर्षाची हक्काची रजा आहे. तिच्यातले दोन आठवडे एखाद्या चित्रीकरणाच्या वेळी सलग द्यावेत. शुक्रवार मिळाला तर स्टुडिओला तेवढा एकच पूर्ण दिवस द्यावा, आणि संध्याकाळी व शनिवार बंद करावेत. ताज्या डोळ्यांनी घालवलेला एक सलग दिवस तुम्हाला तीन थकलेल्या संध्याकाळींपेक्षा अधिक शिकवील.

स्टुडिओशी बोलताना तीन महिन्यांनंतरची एक तारीख ठरवून घ्या आणि तोपर्यंत काय शिकवणार, हे विचारा. तोंडांच्या डब्या लावण्याचे काम कमी दर्जाचे आहे, असे मी मानत नाही. ‘म’साठी मिटलेले ओठ, ‘ओ’साठी गोल, ‘आ’साठी उघडे, असे एकेक तोंड हाताळताना बोलण्याचा आकार नजरेत बसतो. परंतु ते शिकायला चार महिने पुष्कळ झाले. आता तारेचा सांगाडा कसा बांधतात, सांधा किती घट्ट ठेवतात, हे त्यांनी तुमच्या हाती द्यायला हवे. वेतनही नाही आणि सांगाडाही नाही असे उत्तर आले, तर त्या दिवशी निरोप घ्यावा. कळसूत्री बाहुली दोऱ्यावर कशी झुलते, पाय टेकताना तिचा तोल कुठे जातो, हे तुम्ही पिंगुळीत पाहिले आहे आणि ते कोणत्याही स्टुडिओने तुम्हाला दिलेले नाही. मोकळ्या झालेल्या शनिवारी खोलीतल्या टेबलावर तुमची स्वतःची बाहुली उभी करा, महिन्याला दहा सेकंद झाले तरी चालतील.

आता बाबांविषयी. बाहुल्यांचे मोल त्यांना समजावण्याची गरज नसावी. पिंगुळीचे बाहुली-कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली जाहीर झालेली पद्मश्री तुमच्या शेजारच्याच गावात आली आहे. बाबांचा राग कलेवर नाही, मुलीच्या फुकट जाणाऱ्या कष्टांवर आणि न होणाऱ्या झोपेवर आहे. रात्री साडेनऊला स्टुडिओतून परतताना तुम्ही घरी फोन करत असाल, तर उन्हाळ्यात कुडाळला तेव्हा पहाटेचे दोन वाजलेले असतात आणि त्यांच्या कानावर पडतो तो तुमचा दिवसातला सर्वांत थकलेला आवाज. रविवारी सकाळी नऊला फोन करा. घरी दुपारचा दीड वाजलेला असेल, जेवणे आटोपलेली असतील, आणि टेबलावरची बाहुली त्यांना कॅमेऱ्यात दाखवताही येईल.