माजी सैनिक कोण? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

'माजी सैनिक' म्हणवून घेण्याचा हक्क नक्की कोणाला, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच प्रकारची पत्रे एकत्र केली आहेत.

मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत सात वर्षे होता, त्यात काश्मीरची पोस्टिंगही झाली. वडिलांच्या आजारपणामुळे स्वतः अर्ज करून नोकरी सोडली. आता जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय माजी सैनिकाचे ओळखपत्र देत नाही. सीमेवर राहिलेला मुलगा माजी सैनिक नाही, हे कसे? (एक आई, ता. पाटण)

कार्यालयाचे चुकलेले नाही. आपल्याकडे ही ओळख ठरते ती केंद्र सरकारच्या १९७९ च्या माजी सैनिक पुनर्नियुक्ती नियमांवरून. त्यांत २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. लढाई पाहिली का, किती उंचीवर ड्यूटी केली, असला एकही प्रश्न त्या नियमांत नाही. माणूस सैन्यातून बाहेर कसा पडला, एवढेच पाहतात. पेन्शन मिळवून बाहेर पडला असेल तर माजी सैनिक, मग स्वतःच्या अर्जावर का असेना. भरतीच्या वेळी ठरलेली मुदत पूर्ण करून, ग्रॅच्युइटी घेऊन सुटला तर माजी सैनिक. सैन्याने संख्या कमी केली म्हणून सोडले, तरीही. सेवेमुळे आलेल्या आजाराने किंवा अपंगत्वाने बाहेर काढून त्याबद्दलची पेन्शन दिली असेल, तरीही. पण पेन्शनच्या आधी स्वतःहून सोडले, तर नाही. जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षे लागतात, अधिकाऱ्याला २०.

डिस्चार्ज बुकात सेवामुक्तीचे कारण लिहिलेले असते, तो रकाना काढून पाहा. तिथे आर्मी रूल १३(३) आणि पुढे 'आयटम तीन' असे लिहून कंसात रोमन आकडा असतो. कंसात एक असेल तर भरतीच्या अटी पूर्ण झाल्या, काही अडचण नाही. तीन असेल तर वैद्यकीय कारण, म्हणजे पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) कोणत्या पेन्शनचा आहे ते पाहावे लागते. चार म्हणजे मुदतीआधी स्वतःच्या विनंतीवरून, आणि तुमच्या मुलाच्या बुकात हाच आकडा असणार. पाच म्हणजे 'इतर सर्व'. लाल शाईच्या (म्हणजे शिक्षेच्या) चार नोंदी झाल्या म्हणून घरी पाठवलेले बहुतेक जण या पाचात येतात. गैरवर्तन किंवा अकार्यक्षमता म्हणून काढले असेल, तर दर्जा मिळत नाही. घरचे कारण कितीही खरे असले तरी चाराच्या नोंदीवर अपील करण्यात अर्थ नाही. अर्ज त्याचाच होता.

व्याख्या लागू होते ती सुटल्याच्या तारखेला जी होती ती. १ जुलै १९७९ ते ३० जून १९८७ या काळात सुटलेल्यांसाठी नियम सैल होता: शपथ घेतल्यानंतर सलग सहा महिने सेवा पुरे, आणि स्वतःच्या विनंतीवरून सुटला असेल तर पाच वर्षे. म्हणून गावातल्या एखाद्या आजोबांना सहा वर्षांच्या नोकरीवर ओळखपत्र मिळालेले दिसते आणि तुमच्या मुलाला सातावर मिळत नाही. गावाने त्याला खुशाल फौजी म्हणावे, तो आहेच. पण सरकारी भरतीच्या अर्जात 'माजी सैनिक' या चौकटीवर खूण करू देऊ नका. महाराष्ट्रात गट क आणि गट ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. कागदपत्रांच्या तपासणीत डिस्चार्ज बुक उघडले की निवड रद्द होते, आणि खोटी माहिती दिली हा शिक्का वेगळा बसतो.

मुलगा अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीत आहे. चार वर्षांनी परत आल्यावर त्याला माजी सैनिकाच्या सवलती मिळतील का? एजंट म्हणतो मिळतील. (जि. बुलढाणा)

मिळणार नाहीत. एजंटाला पैसे दिले असतील तर ते आधी परत मागा. जून २०२२ मध्ये योजना जाहीर झाली तेव्हाच तिच्या अटींत लिहिले होते की चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, इसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) नाही आणि कँटीनही नाही. वरच्या उत्तरातले 'मुदत पूर्ण करून ग्रॅच्युइटी घेऊन' हे कलम वाचून काही जण आशा धरतात. ती दोन कारणांनी फोल आहे: ग्रॅच्युइटीच नाही, आणि भरतीच्या वेळी सही केलेल्या अटींतच दर्जा नाकारलेला आहे.

हातात येते ती सेवानिधी. पगारातून दरमहा ३० टक्के कापले जातात आणि तेवढेच सरकार घालते. चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये, करमुक्त. सोबत कौशल्याचे प्रमाणपत्र मिळते. तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना नियमित सेवेत घेतात. ते पुढे १५ वर्षे राहिले, तर इतरांसारखेच माजी सैनिक होतील. बाकीच्यांसाठी केंद्रीय पोलीस दले आणि आसाम रायफल्समध्ये १० टक्के जागा जाहीर झाल्या. पहिल्या तुकडीला वयात पाच वर्षांची सूट आहे, पुढच्या तुकड्यांना तीन. ही टक्केवारी दलागणिक बदलू शकते, म्हणून अर्ज भरताना त्या वर्षीची जाहिरातच वाचावी. ही जागा 'माजी अग्निवीर' या स्वतंत्र रकान्यात असते. माजी सैनिकांच्या रकान्यात अर्ज भरला, तर तो दोन्हीकडून बाद होण्याची भीती.

चार वर्षे गणवेशात राहिलेल्या मुलाला कोणताच दर्जा न देणे आम्हाला पटत नाही. पण आजचा नियम हा आहे, आणि घरच्यांनी हिशेब त्यावरच मांडावा.

सीमा सुरक्षा दलातून २२ वर्षांनी निवृत्त झालो. गावच्या फलकावर माझ्या नावापुढे 'माजी सैनिक' लिहिले, त्यावर एकाने हरकत घेतली. (जि. लातूर)

हरकत नियमाला धरून आहे. बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी आणि एसएसबी ही गृह मंत्रालयाची दले. त्यांच्या निवृत्तांसाठी नोव्हेंबर २०१२ मध्ये गृह मंत्रालयाने 'माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दल कर्मचारी' ही वेगळी ओळख ठरवली आणि राज्यांनी त्यांना माजी सैनिकांसारख्या सवलती द्याव्यात असे सुचवले. सुचवले, बंधन घातले नाही. तुमचे कँटीन पोलीस कल्याण भांडाराचे, सैन्याचे सीएसडी नव्हे. फलकावर 'निवृत्त, सीमा सुरक्षा दल' लिहावे. २२ वर्षे बीएसएफमध्ये काढलेल्या माणसाला दुसऱ्या दलाचे नाव उसने घ्यायची गरज नाही.

याच प्रकारची आणखी तीन पत्रे आहेत. तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाखाली असले तरी नियमात भूदल, नौदल आणि वायुदल एवढीच नावे आहेत. तटरक्षक पेन्शनरला इसीएचएस मिळते, म्हणून ते कार्ड माजी सैनिक असल्याचा पुरावा धरू नये. पुण्याच्या दिघी कॅम्पमधून भरती होणारे ग्रेफचे (सीमा रस्ते संघटनेच्या दलाचे) कर्मचारी सीमेवरचे रस्ते बांधतात आणि आर्मी अ‍ॅक्टचा काही भाग त्यांना लागू आहे. शिस्तीपुरते ते सशस्त्र दलांचा भाग आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये म्हटले. तरी माजी सैनिकाच्या व्याख्येत ते बसत नाहीत. खडकी, देहूरोड, वरणगाव किंवा भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतले कामगार तर सरळ नागरी कर्मचारी.

टेरिटोरियल आर्मीच्या (गरजेप्रमाणे बोलावल्या जाणाऱ्या प्रादेशिक सेनेच्या) कोल्हापूरच्या १०९ बटालियनमध्ये अकरा वर्षे नाव होते. मी कुठे बसतो?

'नाव होते' याला महत्त्व नाही, एम्बॉडिड सेवा किती झाली ते मोजा. बोलावून पूर्णवेळ ड्यूटीवर ठेवलेला काळ धरतात, घरी असलेला काळ धरत नाहीत. तुकड्यातुकड्यांनी केलेली अशी सेवा एकत्र करून जवानाची १५ वर्षे भरली, तर पेन्शन आणि पेन्शनबरोबर दर्जा. अकरात ते होत नाही. अपवाद दोन: सेवेमुळे आलेले अपंगत्व आणि शौर्यपदक. छत्रपती संभाजीनगरच्या १३६ इको बटालियनसारख्या पर्यावरण तुकड्यांत जवान बहुतांशी आधीच माजी सैनिक असतात. त्यांचा दर्जा पहिल्या नोकरीचा.

माझ्या वडिलांनी तोफखान्याच्या रेजिमेंटमध्ये लंगरात स्वयंपाकी म्हणून २० वर्षे काढली. लोक हसतात.

हसू द्या. 'लढाऊ असो वा बिगरलढाऊ' हे शब्द व्याख्येतच आहेत. वडील आर्मी अ‍ॅक्टखाली भरती झालेले असतील, म्हणजे त्यांना आर्मी नंबर आणि डिस्चार्ज बुक असेल, तर स्वयंपाकी, धोबी, न्हावी सगळे पूर्ण माजी सैनिक. लष्करी आवारात नागरी कर्मचारी म्हणून काम केलेला स्वयंपाकी मात्र नाही.

भाऊ २०१८ मध्ये ट्रेनिंग सेंटरमध्ये पडून गुडघ्याने अधू झाला. बोर्ड आऊट करून घरी पाठवले, पेन्शन नाही. शपथ परेडही झाली नव्हती. त्याला काही दर्जा आहे का?

शपथ परेड झाली नाही म्हणून दार बंद होत नाही. वैद्यकीय कारणाने बाहेर काढलेला आणि अपंगत्वाची पेन्शन मिळालेला रिक्रूट माजी सैनिकात येतो. म्हणजे आधी पेन्शन मिळवायची, दर्जा तिच्या मागोमाग येतो.

मेडिकल बोर्डाचा अहवाल (फॉर्म एएफएमएसएफ-१६) आणि दुखापतीचा अहवाल (आयएएफवाय-२००६) यांच्या प्रती रेकॉर्ड ऑफिसकडून मागवा. न दिल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करा. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, महारचे सागरला. अहवालात दोन ओळी शोधा: अपंगत्व सेवेमुळे आले की नाही, आणि टक्के किती. नकार बहुतेक या दोन ओळींवरच येतो. 'सेवेशी संबंध नाही' असे लिहिले असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल उपयोगी: भरतीच्या तपासणीत नोंद नसलेला आजार पुढे उद्भवला, तर तो सेवेमुळेच आला असे गृहीत धरायचे आणि उलट सिद्ध करणे सैन्याचे काम. २० टक्क्यांहून कमी लिहिले असेल, तर २०१४ चा सुखविंदर सिंग निकाल: बाहेर काढावे लागले त्या अर्थी अपंगत्व २० टक्क्यांवर आहे असे धरायचे. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले, पण २०१८ च्या प्रकरणाला जुनेच.

पहिल्या अपिलाची मुदत सहा महिने होती, ती गेली. तरी विलंब माफीच्या अर्जासह अपील करा, आणि नाकारल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जा; महाराष्ट्र आणि गोवा त्याच्याच कक्षेत आहेत. पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने उभा राहतो, म्हणून उशिरा आलेली प्रकरणेही ऐकतात. थकबाकी मात्र सहसा दाव्याआधीच्या तीनच वर्षांची मिळते. तेव्हा आता आणखी वर्ष घालवू नका.

१५ ऑगस्टला आमच्या शाळेत एक जण पदके लावून येतो. तो सैन्यात नव्हता असे कळते. शिवाय, नावाआधी हुद्दा कोणी लावावा?

निवृत्त अधिकाऱ्याने हुद्दा, मग नाव आणि शेवटी 'निवृत्त' असे लिहावे: हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस होतो. साध्या कपड्यांवर स्वतःची पदके डाव्या छातीवर लावतात, दिवंगत वडिलांची किंवा पतीची उजवीकडे. म्हणून हरकत घेण्याआधी बाजू पाहा. उजवीकडे असतील तर तो कोणाचा तरी मुलगा असू शकतो. सैनिक नसताना सैनिक भासावे या हेतूने गणवेश किंवा त्यासारखी खूण वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शाळेने सन्मानासाठी कोणाला बोलावताना ओळखपत्राची प्रत मागावी. खऱ्याला त्याचा राग येत नाही.

ओळखपत्रासाठी काय काय लागते, आणि अर्ज का अडकतात?

मूळ डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, पॅन, बँक पासबुक, रहिवासाचा पुरावा, पत्नीसह फोटो. नोंदणी राहत्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात होते. घरपट्टी माफीसाठी दाखलाही तिथूनच घ्यायचा.

सर्वांत जास्त अर्ज अडकतात ते पत्नीच्या नावावर. डिस्चार्ज बुकात माहेरचे नाव, आधारवर सासरचे, कधी जन्मतारीखही वेगळी. नवरा हयात असताना हे जुळवून घेणे सोपे: विवाह प्रमाणपत्र, आधार आणि प्रतिज्ञापत्र जोडून कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा. तो गेल्यावर हीच दुरुस्ती विधवेला कुटुंब पेन्शन अडलेली असताना करावी लागते. मुलांची नावे आणि जन्मतारखाही त्याच वेळी तपासून घ्या. बुक हरवले असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र आणि आर्मी नंबर घेऊन त्याच मार्गाने अर्ज करावा. नंबर आठवत नसेल, तर जुन्या मनीऑर्डरच्या पावत्यांवर किंवा पदकाच्या कडेवर कोरलेला सापडतो.