स्टम्प स्पीच : कुठला स्टम्प?

अमेरिकी निवडणुकीच्या बातम्यांत 'स्टम्प स्पीच', 'ऑन द स्टम्प' असे प्रयोग सतत भेटतात. यातला स्टम्प कुठला आणि मराठीत काय लिहावं, असा प्रश्न आला आहे.

आपल्याला स्टम्प म्हटलं की यष्टी आठवतात. हा स्टम्प झाडाचा आहे. झाड तोडल्यावर जमिनीत उरतो तो बुडखा. जंगल तोडून वसलेल्या नव्या वस्त्यांत व्यासपीठ कुठून आणणार? वक्ता एखाद्या रुंद बुडख्यावर चढायचा आणि तिथूनच बोलायचा.

पण उमेदवाराला बुडख्यावर चढावं का लागलं, यात खरी गंमत आहे. सुरुवातीला बहुतेक राज्यांत मत द्यायला मालमत्तेची किंवा कर भरल्याची अट होती. व्हरमाँट १७९१ मध्ये आणि केंटकी १७९२ मध्ये संघराज्यात आलं ते मालमत्तेच्या अटीशिवाय. जुन्या राज्यांनी ती पुढच्या दशकांत हळूहळू सोडली. राष्ट्राध्यक्ष निवडणारे निर्वाचकही १८२४ साली सहा राज्यांत विधिमंडळच नेमत होतं. १८३२ पर्यंत असं एकटं साउथ कॅरोलायना उरलं. मग मतदार बाहेर पडू लागले. १८२४ मध्ये पात्र मतदारांपैकी सुमारे २७ टक्क्यांनी मत दिलं, १८२८ मध्ये ५७ आणि १८४० मध्ये तब्बल ८०. इतक्या लोकांची मतं दिवाणखान्यात बसून मिळत नाहीत.

यावर लिहिताना 'सर्वांना मताधिकार मिळाला' असं मात्र कुणी लिहू नये. मिळाला तो गोऱ्या पुरुषांना. न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या स्त्रिया आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय मत देत होते. १८०७ मध्ये त्यांचा हक्क काढून घेतला गेला. न्यूयॉर्कने १८२१ मध्ये गोऱ्यांसाठी मालमत्तेची अट काढली, कृष्णवर्णीयांसाठी २५० डॉलरची ठेवली. गुलामांचा तर प्रश्नच नव्हता.

राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराने स्वतःसाठी मतं मागणं तोवर अशोभनीय मानलं जाई. समर्थक बोलत, उमेदवार घरी बसे. हा संकेत मोडला त्या काळच्या व्हिग पक्षाचे उमेदवार विल्यम हेन्री हॅरिसन यांनी. विरोधक त्यांना 'जनरल मम', म्हणजे मौनी सेनापती, म्हणून चिडवत. जून १८४० मध्ये ओहायोतल्या कोलंबस इथे ते स्वतः बोलायला उभे राहिले. त्याआधी एका विरोधी वृत्तपत्राने टोमणा मारला होता, की यांना सफरचंदाच्या कडक दारूचं पिंप द्या, लाकडी झोपडीत आनंदाने पडून राहतील. व्हिगांनी तोच टोमणा निशाणीसारखा मिरवला. मिरवणुकांत चाकांवरच्या ओंडक्यांच्या झोपड्या निघाल्या, पिंपं फुटली, सभांना मत नसलेल्या स्त्रियाही आल्या. हॅरिसन जन्मले होते व्हर्जिनियातल्या एका मळ्यावरच्या मोठ्या हवेलीत!

आता भाषांतराचं. आज 'स्टम्प स्पीच' म्हणजे उमेदवार गावोगावी थोड्याफार फरकाने करतो ते ठरलेलं भाषण. त्यामुळे नुसतं 'प्रचारसभा' लिहिलं तर अर्थ निसटतो. 'प्रचाराचं ठरलेलं भाषण' लिहावं. 'ऑन द स्टम्प'ला 'प्रचारदौऱ्यावर' नेमका बसतो. एकोणिसाव्या शतकाबद्दल लिहीत असाल, तर मी खुशाल 'बुडख्यावरचं भाषण' लिहीन आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत खुलासा करीन.