वाचक विचारतात : फोन कंपनी बदलायचीय, पण नंबर सोडायचा नाही

अमेरिकेतल्या वाचकांचे घरच्या इंटरनेट फोनबद्दल बरेच प्रश्न साचलेत, त्यातले काही यावेळी घेतोय आणि शेवटी एक पुण्याचाही आहे.

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. घरचा फोन इंटरनेटवरचा आहे, कंपनी छोटी आहे आणि सारखं बिल वाढवते म्हणून दुसरीकडे जायचंय. पण हा नंबर सासूबाईंच्या डॉक्टरांकडे, मुलांच्या शाळेत, मंडळाच्या यादीत, तिकडे भारतात सगळ्या नातेवाइकांकडे आहे. कंपनी म्हणते मागची बाकी आणि कॉन्ट्रॅक्ट मोडल्याचे पैसे भरल्याशिवाय नंबर सोडणार नाही. मग आधी जुनं बंद करून टाकू का?

उत्तर : ताई, नका करू! जुनं कनेक्शन अजिबात बंद करू नका. पोर्टिंग, म्हणजे तोच नंबर दुसऱ्या कंपनीत नेणं, चालू अकाउंटवरूनच होतं, एकदा बंद केलं की नंबर कंपनीच्या साठ्यात परत जातो, थोडे दिवस पडून राहतो आणि मग दुसऱ्याच कुणाला तरी दिला जातो, नंतर कितीही फोन केलेत तरी तो परत मिळेल याची खात्री नाही. नवीन कंपनीत अकाउंट उघडा, पोर्टची रिक्वेस्ट तिथेच द्या, आणि नंबर तिकडे वाजायला लागला, बाहेरून कुणाला तरी फोन करायला लावून बघितलं, की मगच जुन्यांना बंद करायला सांगा.

पैशांचं म्हणाल तर बाकी असली किंवा कॉन्ट्रॅक्ट मोडल्याची फी असली तरी त्या कारणाने नंबर अडवता येत नाही, एफसीसीचा, म्हणजे अमेरिकेतल्या फोन कंपन्यांवर नियम घालणाऱ्या सरकारी संस्थेचा, स्पष्ट नियम आहे. पैसे माफ होत नाहीत हां, ते द्यावेच लागतील, पण तो हिशोब वेगळा आणि नंबर वेगळा. पोर्टिंग १९९६ च्या टेलिकॉम कायद्यातून आलं आणि २००७ मध्ये एफसीसीने इंटरनेट फोनवाल्यांनाही त्यात बांधून घेतलं, त्यामुळे 'आम्ही इंटरनेट फोनवाले, आम्हाला ते लागू नाही' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तरी अडवलंच तर एफसीसीच्या साइटवर तक्रार टाका, फुकट असते, आणि कंपनीला ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं.

पण खरी अडचण बहुतेक वेळा कागदाची असते. जुन्या कंपनीच्या रेकॉर्डमध्ये जे नाव आणि जो पत्ता आहे तोच जसाच्या तसा फॉर्मवर हवा, थोडा जरी फरक निघाला तरी रिक्वेस्ट परत येते. आपल्या लोकांचं इथे हमखास अडतं, कारण मधलं नाव एका ठिकाणी पूर्ण, दुसरीकडे नुसतं अक्षर, तिसरीकडे नाहीच, आणि अकाउंट नवऱ्याच्या नावावर पण फॉर्मवर सही बायकोची. पत्त्याचंही तसंच, इंटरनेट फोनचा डबा नवीन घरी नेला की फोन लगेच चालू होतो म्हणून पत्ता बदलायचं कुणाच्या लक्षातच राहत नाही आणि रेकॉर्डला जुनंच अपार्टमेंट राहतं. म्हणून आधी जुन्या कंपनीकडून अकाउंट नंबर, झिप कोड, रेकॉर्डवरचं नाव-पत्ता आणि पोर्ट-आउटचा पिन लेखी मागून घ्या. हा पिन व्हॉइसमेलचा नाही, नंबर बाहेर न्यायचा वेगळा असतो. ताजं बिल पीडीएफमध्ये जवळ ठेवा, नवीन कंपनी मागतेच.

नियमाने साधा पोर्ट कामाच्या एका दिवसात व्हायला हवा, पण तुमची कंपनी छोटी आहे म्हणजे नंबर बहुधा तिचा स्वतःचा नाही, तिने तो मोठ्या होलसेल कंपनीकडून घेतलेला असणार. मग कागद या हातातून त्या हातात जातात आणि एक-दोन आठवडे सहज लागतात. तेवढे दिवस दोन्हीकडे पैसे जातील, जाऊ द्या, नंबर गेला तर त्यापेक्षा कितीतरी जास्त मनस्ताप आहे.

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियातून टेक्सासला आलो. जुना ५१० एरिया कोडचा (तिकडच्या भागाचा) नंबर नव्या इंटरनेट फोन कंपनीत नेता येईल का?

उत्तर : बहुतेक येईल. तुम्ही कुठे राहता हा प्रश्नच नाही, त्या कंपनीला ५१० च्या त्या भागातले नंबर घेता येतात का एवढंच बघायचं, आणि ते पैसे भरायच्या आधी विचारायचं, बऱ्याच साइटवर नंबर टाकून तपासताही येतं.

पण माझी खरी काळजी वेगळीच आहे. ९११ ला, म्हणजे इथल्या पोलीस-अँब्युलन्सच्या इमर्जन्सी नंबरला, फोन लावलात तर इंटरनेट फोनवरून तिकडे तुम्ही नोंदवलेला पत्ता जातो, एरिया कोडवरून कुणी तुमचं घर शोधत नाही. कंपनी बदलली की जुन्या कंपनीतली पत्त्याची नोंद सोबत येईल असं धरूच नका, नवीन अकाउंटवर स्वतः टेक्सासचा पत्ता घाला, अपार्टमेंट नंबरसकट, आणि सेव्ह झालाय ना ते परत उघडून बघा. घरात म्हातारी माणसं असतील तर हे पहिल्याच दिवशी करा. वीज किंवा इंटरनेट गेलं की हा फोनही जातो, तेव्हा आजी-आजोबांच्या हाताशी एक मोबाइल चार्ज करून असू द्या.

प्रश्न : इंटरनेट फोनचा नंबर गूगल व्हॉइसवर टाकायचाय, पण साइट घेत नाही.

उत्तर : गूगल व्हॉइस, म्हणजे गूगलची इंटरनेटवरून फोन करायची सेवा, बाहेरचा नंबर घेते तो मोबाइलचाच, लँडलाइनचा किंवा इंटरनेट फोनचा नंबर थेट घेत नाही. लोक काय करतात, नंबर आधी प्रीपेड मोबाइलवर पोर्ट करतात, तिथे नीट चालू झाला की मग गूगलवर, त्याचे २० डॉलर पडतात. प्रीपेड मधेच संपू देऊ नका, दुसरा पोर्ट पूर्ण होईपर्यंत ते चालू हवं. आणि बँकेचे कोड या नंबरवर येत असतील तर आधी बँकेत दुसरा मोबाइल नंबर द्या, कारण बऱ्याच बँका असल्या नंबरवर कोड पाठवत नाहीत.

प्रश्न : पुण्यात आईबाबांकडे जुना बीएसएनएलचा लँडलाइन आहे. दुसऱ्या कंपनीचं फायबर घेतोय, त्यात फोन फुकट आहे. तोच नंबर मिळेल का?

उत्तर : नाही हो. आपल्याकडे पोर्टिंग मोबाइललाच आहे. १९०० ला मेसेज करून कोड मागवायचा, ती सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून सुरू झाली, पण लँडलाइनला ती नाही, त्यामुळे फायबरवाला नवीनच नंबर देणार. नंबर खरंच जिवाभावाचा असेल तर बीएसएनएलच्याच फायबरवर तो ठेवता येईल का हे आधी एक्स्चेंजमध्ये जाऊन विचारा. नसेल जमत तर लँडलाइन लगेच सरेंडर करू नका, काही महिने कॉल फॉरवर्ड करून बाबांच्या मोबाइलवर घ्या आणि तेवढ्यात बँक, गॅस एजन्सी, एलआयसी, सोसायटी सगळीकडे नवीन नंबर देऊन टाका. कुणाचे फोन अजून जुन्यावर येतात ते आईला वहीत लिहायला सांगा, म्हणजे कुणाला कळवायचं राहिलंय ते समजेल.